सुईत दोरा नव्हता

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते, मित्रांनो. पण भिंतीपलीकडे बाई रडत असताना टीव्हीचा आवाज वाढवणारे तुमच्यात किती आहेत, ते मला ठाऊक आहे.

ऐन उमेदीत मी गणवेश शिवले, पडदे शिवले, शाबासकी मिळवली. मग विजेवर चालणाऱ्या पोरी आल्या आणि माझी रवानगी एका लॉन्ड्रीखालच्या तळघरात झाली. तिथे मला गंज चढला, स्वभावालाही.

एक दिवस एक वकीलबाई आल्या. त्यांनी माझ्यासारख्या आणखी काही थेरड्या गोळा केल्या आणि दारावर 'शिवणवर्ग, फक्त महिलांसाठी' अशी पाटी लावली. नवऱ्यामागे परक्या देशात आलेल्या बायका येऊ लागल्या. शिवण कसली डोंबलाची! तिथे कायदा शिकवला जाई. घरी तसे सांगितले असते तर तंगडी मोडली असती. कोणाचा नवरा डोकावला की खिडकीजवळची बाई खोकायची आणि आम्ही सगळ्या धडधडायला लागायचो.

माझ्यावर बसायची ती सगळ्यांत धाकटी. तिचा नवरा पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपायचा. सगळ्यांशी गोड बोलायचा, हात मात्र तिच्या मानेवर. एकदा पोलीस त्यांच्या घरी आले होते. तिला इथली भाषा येत नव्हती, म्हणून तिच्या वतीने यानेच सांगितले, जिन्यावरून पडली. पोलीस मान डोलावून निघून गेले. मेल्याचे बोट एकदा माझ्या सुईखाली यावे, असे मला फार वाटे.

"बोलले तर हे मला देशाबाहेर हाकलवतील, मुलगी ठेवून घेतील," ती म्हणाली.

"तो काय सरकार लागून गेला?" वकीलबाई कडाडल्या. "मारहाण होत असेल तर इथं राहायला तुला स्वतःचा अर्ज करता येतो. आणि पोलीस आले की नवऱ्याला मध्ये बोलू द्यायचं नाही. दुभाषी मागायची. इथल्या भाषेत एवढं एकच वाक्य घोकून ठेव."

माझे पायडल मारत मारत तिने ते घोकले.

एका दुपारी तो अचानक आत आला. खोकला झाला, आम्ही धडधडलो. तो सरळ माझ्यापाशी आला आणि वाकला.

"इतके महिने शिकतेयस ना? मग सुईत दोरा कुठाय?"

आमचे शहाणपण तिथेच उघडे पडले. त्याने तिचे मनगट पिरगाळले. वकीलबाई मध्ये पडल्या, बायका दारात आडव्या उभ्या राहिल्या, कोणीतरी पोलिसांना फोन लावला.

पोलीस येताच त्याच्या जिभेवर साखर आली. "तिला भाषा येत नाही, मी सांगतो," असे तो त्यांच्या भाषेत म्हणाला.

तिने माझे चाक घट्ट धरले. मग ते वाक्य बाहेर पडले, वेडेवाकडे, पण पुरे.

"मला दुभाषी हवी. हा माणूस नको."

पोलीसबाईने त्याला दार दाखवले.

धाकटी आता मुलीसह वेगळी राहते. खटला चालू आहे, भीती अजून गेलेली नाही. तरी ती वर्गाला येते आणि नव्या बायकांकडून ते वाक्य घोकून घेते. त्याआधी माझ्या सुईत दोरा मात्र ओवते.

मित्रांनो, मला तेल घाला, नाहीतर घालू नका. मी गंजले म्हणून कोणी मरणार नाही. पण पलीकडून आवाज आला तर आधी तो टीव्ही बंद करा आणि फोन उचला. आणि तिच्या वतीने नवरा बोलू लागला, तर त्याला बाहेर उभे करा. तिला तिचे तोंड आहे.