पंजाने पारखलेली मोटर

वाल्मिकच्या नरोलीतल्या भाड्याच्या खोलीत पलंगावर तीन मोटरी मांडून तीन रविवार झाले होते. त्याला मोबाइल आपोआप सरकवणारा स्लायडर करायचा होता. अडीच फुटांची पट्टी, तिच्यावर गाडी, गाडीवर मोबाइल. आई पापड लाटताना ओव्या म्हणते. तिच्या हातांवरून निघून तिच्या तोंडाशी पोचणारं एक सलग चित्र त्याला हवं होतं. गेल्या वर्षीच्या दुखण्यानंतर आईचा, पुतळाबाईंचा, दम पहिल्यासारखा उरला नव्हता. उद्या सकाळी त्या अमळनेरला परत निघणार होत्या.

पहिला अॅक्च्युएटर, दांडा आत-बाहेर ढकलणारा. ताकद बैलाची, पण दांडा बाहेर येई वीतभरच. दुसरी जाड आट्यांच्या स्क्रूवर टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर मोटर. तिसरी पट्ट्यावर पळणारी, एवढीशी.

त्याच्या कारखान्यातले हृषीकेश साहेब म्हणालेच होते, "वाल्मिक, पाव किलोचा मोबाइल ओढायचाय. क्रेन नाही बसवायची."

पण शेजारच्या सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात चौदा वर्षं फिटर असलेल्या माणसाची खोड ती. भर पाळीत यंत्र बंद पडू नये म्हणून मोटर नेहमी एक नंबर मोठीच लावायची. आणि तिथल्या गदारोळात यंत्र कानाने कोण तपासतो? पंजा ठेवायचा, थरथर बघायची. त्याने स्क्रूवाली लावली, चालू केली, वर हात ठेवला. गाडी लोण्यावरून सरकावी तशी सरकली.

"सुरू कर आई," तो म्हणाला. रात्रपाळीचा शीण डोळ्यांत वाळूसारखा खुपत होता.

पुतळाबाईंनी लाटी घेतली.

*पोळपाट फिरे माझा, गोल गोल घेई फेरा,*
*दूरदेशी लेक माझा, त्याले सांग जा रे वारा.*

ओवी संपली. बायको सोनमने मोबाइलवर टिपलेलं पुन्हा लावून कानाशी धरलं आणि वाल्मिककडे बघत राहिली.

"काय झालं?"

"मधे किर्र वाजतंय सारखं. आईंचे शेवटचे शब्द कळतच नाहीत."

"कुठं वाजतंय?"

"अहो, सगळीकडे."

त्याने मोबाइल कानाला लावला. ओवी होती. किरकिर नव्हती. आवाज वाढवला, दुसऱ्या कानाला लावला. मग मोटरच चालू करून कान जवळ नेला. पंजाखाली मोटर गुपचूप फिरत होती, गरीब गायीसारखी.

"माह्यासंगं डास गात व्हता," पुतळाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, तुले ठाऊक असंल. तुले ऐकू नही येत का रे भाऊ?"

वाल्मिकची नजर खुंटीकडे गेली. तिथे त्याचा कामाचा शर्ट होता. खिशातून गोंगाट अडवायला कानात घालायच्या बोंड्यांची दोरी लोंबत होती. बोंड्या नव्यासारख्या होत्या. त्या घातल्या तर हाक ऐकू येत नाही, असं तो सगळ्यांना सांगत आला होता.

खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायाशी उतरलं होतं. तासाभराचा उजेड. त्याने पाना घेतला आणि एकेक नट सैल करू लागला.

"सोनम, तू ऐक. मला सांग."

त्याने पट्ट्याची छोटी मोटर लावली. सोनमने मान हलवली: आहे अजून. त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मोटरखाली घातला. "थोडं आहे." अजून एक घातला. वेग कमी केला. सोनम डोळे मिटून ऐकत होती आणि तो तिच्या भुवयांकडे बघत होता.

"आता नाही. आता नुसती खोलीच ऐकू येतेय."

"झालं ना एकदाचं?" पुतळाबाई म्हणाल्या. "पीठ वाळून चाललं."

गाडी निघाली. वाल्मिक आईच्या समोर मांडी घालून बसला. ओवीचा पहिला चरण त्याला ऐकू आला. शेवटच्या शब्दांशी तिचे ओठ त्याला नुसतेच हलताना दिसले. त्या शब्दांची ही गत कधीपासून होती, त्याला आठवेना. फोनवर कळलं नाही तरी तो नुसता हं हं म्हणायचा.

त्याने हात पुढे केला आणि यंत्रावर ठेवायचा तसा पंजा पोळपाटाच्या कडेवर ठेवला.

पुतळाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. गाणं थांबवलं नाही. लाटणं मात्र जरा दाबून फिरवू लागल्या.