चार हाका

धाकटीने निळ्या वायरीच्या टोकाची चिमटी दाबली आणि वायर एका झटक्यात उपटून काढली.

"काढली!" ती ओरडली आणि तशीच शेजारच्या तपासणीच्या खोलीत धावली.

तिथे मोठ्या डॉक्टरीणबाई पडद्यासमोर बसल्या होत्या. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत चालली होती. ती एकदाही अडखळली नाही. ही रेघ होती डोंगरापलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या शिपाईमामांच्या हृदयाची. मामांना काही झाले नव्हते. चाचणीसाठी कुणीतरी छातीला तारा लावून आडवे पडायला हवे होते, आणि कामाच्या वेळेत आडवे पडायला मिळतेय म्हटल्यावर मामांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता.

"थांबली का?" धाकटीने विचारले.

"कुठे थांबली? चाललीय की छान," मोठ्या बाई म्हणाल्या. पडद्याभोवती जमलेल्या दोन डॉक्टरांनी आणि एका नर्सने टाळ्या वाजवल्या.

टेबलावरच्या फोनमधून किंकाळी आली. ती ताईची. ताई पलीकडच्या केंद्रात नर्स होती आणि धाकटीची सख्खी थोरली बहीण. इस्पितळाने आधी ताईला पाहिले होते, त्यामुळे चार वर्षे इथले सगळे संगणकांचे जाळे सांभाळूनही धाकटी ही धाकटीच राहिली होती.

"अगं, मी सांगत नव्हते बाईंना? सांगत नव्हते?" ताई ओरडत होती. मागून मामांचा आवाज आला, "मग मी उठू का आता?"

"पडून राहा!" ताई त्यांच्यावर खेकसली.

ताईचा आनंद उगाच नव्हता. बोगद्यातून पलीकडे जाणारी वायर गेल्या वर्षात पाच वेळा तुटली होती. ती तुटली की केंद्रातून हृदयाचे आलेख येणे बंद व्हायचे. एकदा तिथे एक माणूस घामाघूम होऊन बसला होता आणि इथे पडदा काळा. तेव्हापासून मोठ्या बाईंच्या मनाने घेतले होते, की असल्या बेभरवशाच्या यंत्रावर विसंबण्यापेक्षा ते बंद करावे आणि छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला सरळ गाडीत घालून इकडे आणावे. रस्ता अडीच तासांचा होता. अडीच तास सगळ्यांकडे नसतात, हे ताईने दोनदा आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. ती भांडभांड भांडली आणि आजची चाचणी मिळवली. मुख्य वायर काढूनही रेघ चालू राहिली तर यंत्र राहणार होते. नाहीतर सोमवारी ते खोक्यात भरून परत येणार होते.

"चार वाजता सही करते," मोठ्या बाई उठत म्हणाल्या. "धाकटे, कमाल केलीस हं."

धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात. यंत्रांच्या खोलीत परत येताना ती दोनदा दाराच्या चौकटीला धडकली आणि दोन्ही वेळा चौकटीलाच सॉरी म्हणाली. खोलीत नाना उभे होते. टाळ्या वाजल्या तेव्हा ते तिकडे आले नव्हते, हे तिच्या तेव्हा लक्षातही आले नाही.

नाना तिच्या आधीपासून, एकोणीस वर्षे, हे जाळे सांभाळत होते. कुठला निरोप कुठल्या वाटेने न्यायचा हे ठरवणारी पेटी म्हणजे राऊटर. नानांच्या पद्धतीत प्रत्येक राऊटरमध्ये एकेक वाट हाताने लिहिलेली असे. वायर तुटली की नानांचा फोन वाजायचा, नाना जेवणावरून उठायचे आणि येऊन वाट बदलून लिहायचे. त्यांच्या बायकोने त्यांना गरम पोळी वाढणे कधीच सोडून दिले होते.

धाकटीने गेला महिनाभर खपून राऊटरना आपापली वाट शोधायला लावले होते. आता दर दहा सेकंदांनी प्रत्येक राऊटर शेजारच्या राऊटरला एक छोटीशी हाक घालत असे. मी आहे, एवढीच. लागोपाठ चार हाका आल्या नाहीत, की शेजारी गेला असे धरून तो दुसरी वाट घ्यायचा. बोगदा गेला तर टेकडीवरच्या टॉवरवरून, रेडिओने. टॉवरवरच्या राऊटरला हे शिकवायला नाना मागच्या आठवड्यात स्वतः टेकडी चढून गेले होते. तिने नको नको म्हटले तरी ऐकले नव्हते.

वायर परत लावण्याआधी फाइलसाठी नोंद घ्यावी म्हणून तिने राऊटरकडून सध्याच्या वाटांची यादी मागवली. प्रत्येक वाटेपुढे एक अक्षर असते. राऊटरने स्वतः शोधलेल्या वाटेला वेगळे, माणसाने लिहिलेल्या वाटेला वेगळे. पलीकडच्या केंद्राच्या वाटेपुढे माणसाचे अक्षर होते.

तिने शेजाऱ्यांची यादी मागवली. त्यात टॉवरचे नावच नव्हते.

"नाना," ती म्हणाली. "तुमची जुनी ओळ अजून आहे?"

नानांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"इथे, टॉवरवर आणि पलीकडे, तिन्ही ठिकाणी आहे," ते म्हणाले. "तुझं चालत असेल तर माझी ओळ गप्प बसते. तुझं अडलं तरच उठते. नापास होऊ नयेस म्हणून ठेवली. सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलाय पोरी."

"म्हणजे मी पास झालेच नाही! तुम्ही झालात!"

"कोणी का होईना. यंत्र राहिलं ना?"

धाकटीला रडू आले आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती नुसतीच उभी राहिली. हाताने लिहिलेली वाट आंधळी असते. टॉवरच्या पलीकडे काही मोडले तरी ती निरोप तिकडेच ढकलत राहते. हे नानांना सांगायची गरज नव्हती. त्या घामाघूम माणसाच्या दिवशी हेच झाले होते.

"त्या दिवशी मी वाट लिहिली होती," नाना हळूच म्हणाले. "पण वाट होती कुठे! तीन तास टॉवरवरून खाली निरोपच पोचला नाही."

"मग?"

"मग काय. जा, सांग बाईंना."

मोठ्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. त्यांचा चेहरा काही फार बदलला नाही, आणि त्यानेच धाकटीचे धाबे दणाणले.

"म्हणजे मघाशी आपण टाळ्या कशाला वाजवल्या?"

"नानांच्या ओळीला."

"चारपर्यंत पुन्हा करून दाखवा," बाई म्हणाल्या. "पण एकदाच. नाही जमलं, तर माझा निर्णय तुम्हाला माहीत आहे."

फोनवरून ताईने सगळे ऐकले होते. बाई बाहेर जाताच ती फुटली.

"कशाला सांगितलंस गं? सही होऊ द्यायची होती. मग बसायचं होतं दुरुस्त करत!"

"आणि दुरुस्त झालं नसतं तर?"

"तू शहाणी आहेस. केलं असतंस तू."

"ताई, मी शहाणी असते तर शेजाऱ्यांची यादी आधीच बघितली असती. मी टॉवरला नुसतं विचारलं, आहेस का? तो म्हणाला, आहे. मी खूश. अगं, उत्तर दिलं म्हणजे ओळख झाली असं नसतं."

मग ताई म्हणाली, "मामांना पडूनच ठेवते. तू लाग कामाला."

दोन वाजून गेले होते. धाकटीने खुर्ची ओढली, नानांनी दुसरी. टॉवर हाका घालतोय तर त्या इकडे पोचत का नाहीत? दोघांनी मिळून टॉवरवरच्या राऊटरच्या नोंदी एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. हाका जात होत्या. हाका येतही होत्या. तरी दोघेही एकमेकांना ओळख देत नव्हते.

"तीस!" धाकटी खुर्चीवरून उठलीच. "नाना, टॉवरला तुम्ही तीस सेकंद दिलेत!"

"रेडिओ बिचारा हळू चालतो. म्हटलं, कशाला त्याला दर दहा सेकंदांनी ओरडायला लावायचं."

"अहो, पण ठेका दोघांचा सारखा नसला तर ते शेजारी मानतच नाहीत!"

"हे कुठे लिहिलंय?"

"सगळीकडे!"

नाना इतके ओशाळले, की तिला हसू फुटले. मग नानाही हसले, आणि पुढचा अर्धा तास दोघे त्या खोलीत शाळकरी पोरांसारखे बसले. आधी तिने टॉवरच्या राऊटरला सांगून ठेवले, की दहा मिनिटांत मी थांब म्हटले नाही तर स्वतःहून बंद होऊन जुन्यासारखा सुरू हो. दूरच्या राऊटरला हात लावताना ही रीत नानांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवली होती, कारण एकदा ती न पाळल्याने त्यांना रात्रीच्या वेळी टेकडी चढावी लागली होती. मग तिने तीसचे दहा केले.

शेजाऱ्यांच्या यादीत टॉवर उगवला. नानांनी मांडीवर थाप मारली.

"आता माझी ओळ पुसून टाक," ते म्हणाले. "नाही, थांब. मीच पुसतो."

त्यांनी तिन्ही ठिकाणी जाऊन आपली ओळ पुसली. चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने, प्रत्येक अक्षर दोनदा वाचत. धाकटीने टॉवरला थांब म्हणून सांगितले, सगळे जतन केले आणि निळी वायर परत लावली. साडेतीन वाजले होते.

"पण निळी वायर काढायची नाही," नाना अचानक म्हणाले.

"मग?"

"बोगदा तुटतो तेव्हा निळी वायर जागेवरच असते. आपल्या राऊटरचा दिवा हिरवाच दिसतो, त्याला वाटतं सगळं ठीक आहे. खरी परीक्षा घ्यायची तर निळी वायर ज्या पांढऱ्या डबीत जाते, तिच्या मागची, बोगद्याच्या बाजूची छोटी वायर काढू. म्हणजे त्याला कळणारच नाही. हाका मोजूनच कळायला हवं."

धाकटीने मनात हिशेब केला. म्हणजे पूर्ण चाळीस सेकंद रेघ थांबणार होती, बाईंच्या डोळ्यांसमोर. पण नाना म्हणत होते तेच खरे होते. तिने जाऊन बाईंना तसे सांगितले. बाई पडद्यासमोर बसल्या आणि त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले.

"काढा," त्या म्हणाल्या.

नानांनी वायर काढली.

रेघ थांबली. एक उडी अर्धवट राहिली आणि पुढे काही नाही. फोनवर ताईचा श्वास ऐकू येत होता. दहा. वीस. धाकटीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तीस. एक डॉक्टर खोकला आणि सगळ्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिले. पस्तीस. अडतीस. चाळीस. काही नाही. एक्केचाळीस.

रेघ उडाली. पुन्हा उडाली. मग ती अशी सुटली, की मामा जणू जिना चढत असावेत.

"आली! आली!" धाकटीने बाईंच्या खांद्याला मिठी मारली आणि दचकून सोडली. बाईंनी घड्याळ उचलले, काटे पाहिले आणि त्यांना हसू आवरेना. फोनमध्ये ताई हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. "मामा, हसू नका, रेघ नाचतेय!" एवढेच स्पष्ट ऐकू आले. नाना धावत आले, हातात वायर तशीच.

"आता दुसरीकडची काढून बघू? दक्षिणेच्या केंद्राची?"

"नाना!"

"एकच. गंमत म्हणून. एकोणीस वर्षं नुसती लावतच आलोय गं."

तेवढ्यात फोनमधला गलका थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणाच्या तरी चपला, आणि मग ताईचा वेगळाच आवाज.

"बाई, पेशंट आलाय. खरा. छातीत कळ येतेय म्हणतो, डावा हात जड झालाय. मामा, उठा, उठा लवकर. तारा लावतेय मी."

पडदा क्षणभर सपाट झाला. मग नवी रेघ आली, मामांच्या रेघेसारखी मुळीच नाही. मोठ्या बाई पुढे वाकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू कधी गेले कुणी पाहिले नाही.

नाना मागच्या मागे यंत्रांच्या खोलीकडे निघाले होते. त्यांचा हात वायरीसह पांढऱ्या डबीच्या मागे पोचला. धाकटी त्यांच्यामागे आली. वायर लावली तर राऊटर पुन्हा बोगद्याची वाट धरणार, आणि वाट बदलताना मध्येच आलेख तुटू शकतो. नाही लावली तर त्या माणसाचे सगळे टॉवरवर. महिनाभर ती हेच सगळ्यांना पटवून देत होती, आणि आता तिलाच वायर लावावीशी वाटत होती.

"झटका आहे," बाहेरून बाईंचा शांत आवाज आला. "गोळी चघळायला दे. मोठी गोळी, हो तीच. झोपवून ठेव. गाडी निघाली इकडून. आणि ती पोचेपर्यंत तारा काढायच्या नाहीत, मी इथेच बसलेय."

नानांचा हात अजून डबीपाशीच होता.

"नाना," शेजारच्या खोलीतल्या फोनमधून ताईची हाक आली, घाईघाईने, "बोगद्याची वायर लावलीत ना परत?"

नानांनी धाकटीकडे पाहिले. मग वायर टेबलावर ठेवली.

"तू पेशंटकडे बघ गं," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.