मिठातले कागद

वाळवीनं शेजारच्या चष्मेवाल्याच्या पंजावर अशी सणसणीत टाळी दिली की जिन्यात झोपलेलं मांजर दचकून दोन मजले वर पळालं.

"ठरलं तर! हरेल त्यानं रविवारी सकाळी गेटवर उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कोंबड्यासारखं आरवून दाखवायचं."

"येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना?"

"सगळ्यांना. दूधवाला, पेपरवाला, तुझी सासू. मावशी, तुम्ही पंच."

पहिल्या मजल्यावरच्या मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, म्हणून साऱ्या बिल्डिंगच्या होत्या. त्यांनी भाजीची पिशवी पायरीवर टेकवली.

"आधी पैज काय ते नीट सांगा. मागच्या वेळी पंच करून मलाच उल्लू बनवलंत दोघांनी."

वाळवीचं खरं नाव बिल्डिंगमध्ये कुणी घेत नसे. तो दप्तरखान्यात होता. जुने कागद जपायचे, झटकायचे, मागेल त्याला काढून दाखवायचे, हे त्याचं काम. दिवसभर कागदांत घुसलेला असतो म्हणून वाळवी. पन्नाशी आली तरी अंगातलं पोर काही मोठं झालं नव्हतं. बागेतल्या सावलीतल्या बाकावर 'रंग ओला आहे' अशी पाटी लावून त्यानं तो बाक महिनाभर एकट्यानं वापरला होता. पाटीवर लिहिलेलं माणूस बोट लावूनसुद्धा बघत नाही, हा त्याचा शोध.

आता शुक्रवारी अभिलेखपालांची परिषद होती. म्हणजे ठिकठिकाणचे जुने कागद सांभाळणारे एका हॉलमध्ये जमणार आणि एकमेकांना निबंध वाचून दाखवणार. त्यात वाळवीचाही निबंध होता. चष्मेवाल्याचं म्हणणं, एवढे जाणकार लोक, चूक झाली तर जागच्या जागी पकडतील. वाळवी म्हणाला, पकडतायत कसले! व्यासपीठावरून धडधडीत थाप मारतो, 'हे चूक आहे' म्हणून एक हात वर झाला तर बघ.

"एक जरी हात वर झाला तरी तू कोंबडा," चष्मेवाला म्हणाला.

"नाही झाला तर तू. आतापासून घसा तयार ठेव."

बॅग भरताना बायकोनं इस्त्रीचा शर्ट वरच ठेवला. "अहो, तिथे तरी चार माणसांसारखं वागा. साहेब असणार तुमचे."

"चार माणसांसारखंच वागणार," वाळवी म्हणाला. "तीच तर गंमत आहे."

हॉलमध्ये एसीचा गारठा असा की लोक हातातल्या फाइली छातीशी धरून बसलेले. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र, समोर पाण्याची बाटली, मांडीवर मोबाईल. वाळवीच्या निबंधाचं नाव होतं 'भिजलेल्या कागदांची शुश्रूषा'. पहिली पानं खरी होती आणि चांगलीही होती. पाणी शिरलं की पहिल्यांदा काय उचलायचं, गठ्ठे ओढायचे नाहीत, खालून हात घालून उचलायचे, वगैरे. मग त्यानं चष्मा नाकावर सरकवला, आवाज थोडा खाली आणला (थाप नेहमी हळू आवाजात मारावी, म्हणजे लोक कान देतात) आणि म्हणाला, "अलीकडे एक अत्यंत सोपी पद्धत पुढे आली आहे. भिजलेले गठ्ठे जाड्या मिठात पुरून ठेवायचे. मीठ पाणी ओढून घेतं. चार-पाच दिवसांत कागद कोरडा, शाई जशीच्या तशी. परदेशांतल्या मोठमोठ्या संस्थांनी ही पद्धत स्वीकारली आहे."

तो थांबला. पाणी प्यायला. मुद्दाम सावकाश.

हात वर झाला नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या रांगेतल्या एकानं मान डोलावली, ती झोपेनं डोलली की पटून, देव जाणे. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "अतिशय नावीन्यपूर्ण. प्रश्न? नाहीत? छान."

वाळवी खुर्चीत येऊन बसला तेव्हा त्याला हसू इतकं दाटून आलं होतं की त्यानं रुमाल तोंडात कोंबला. मांडीवर मोबाईल धरून त्यानं चष्मेवाल्याला कळवलं, 'कुकूचकू. एकही नाही.'

जेवणाच्या रांगेत साहेबांनी पाठीवर थाप मारली. एरवी हा माणूस रजेच्या अर्जावर सहीसुद्धा श्वास रोखून करायचा. आज तो चक्क हसला. "दप्तरखान्याचं नाव काढलंस."

"कसचं साहेब," वाळवी म्हणाला, आणि ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेवढ्यात एक बाई घाईघाईनं आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात ताट नव्हतं. दूरच्या एका गावच्या अभिलेख कार्यालयातल्या होत्या. वाळवीला आठवलं, तिसऱ्या रांगेत बसून लिहून घेणाऱ्या त्याच या.

"सर, तुमचे फार उपकार झाले."

"कसले हो?"

"आमच्याकडे मंगळवारी रात्री पाण्याची लाइन फुटली. खोलीभर पाणी. शाळांची दप्तरं, जमिनींचे नकाशे, सगळं भिजलं. पंखे लावून बसलोय, पण वाळत काही नाही, कडेनं बुरशी धरायला लागलीये. कार्यक्रमपत्रिकेत तुमच्या निबंधाचं नाव वाचलं आणि तशीच निघून आले. ऑफिसात सगळे हसत होते, खोलीत पाणी आणि बाई निघाल्या परिषदेला! आत्ताच फोन करून सांगितलं त्यांना, मीठ आणा म्हणून. शिपाई पोती आणायला गेलासुद्धा."

वाळवीनं घास न चावताच गिळला.

"लगेच... लगेच नका करू," तो कसाबसा म्हणाला.

"थांबून कसं चालेल सर? बुरशी थांबणारेय का?"

"नाही म्हणजे... पद्धत अजून तशी नवी आहे."

"तुम्ही फारच विनयानं बोलता," बाई म्हणाल्या.

साहेब शेजारीच उभे होते, कौतुकानं मान हलवत. खरं एवढंच म्हणायचं होतं की बाई, मी थाप मारली. तीन शब्द. जिन्यात उभं राहून दिवसभर फालतू बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून ते तीन शब्द निघेनात. बाईंनी नमस्कार केला आणि गर्दीत निघून गेल्या. वाळवीनं ताटाकडे पाहिलं, मग ताट तसंच टेबलाखाली सरकवून दिलं, चोरानं सरकवावं तसं.

त्यानं त्यांना शोधलं नाही असं नाही. व्हरांड्यात गेला, तिथे त्या फोनवर होत्या, पाठमोऱ्या. "हो, जाडंच मीठ. बारीक नको," असं सांगत होत्या. वाळवी खांबाशी उभा राहिला. मग त्याला कुणीतरी हाक मारली, मग घंटा वाजली आणि तो आत गेला. पाय आपोआप आत गेले म्हणा ना. पळणाऱ्या माणसाचे पाय नेहमी आपोआपच चालतात.

दुपारच्या सत्रात एक तरुण प्राध्यापक नकाशांच्या कपाटांवर बोलत होता. कपाटं आडवी बरी की उभी, यावर तो फार पोटतिडकीनं बोलला. वाळवीला एक शब्द ऐकू आला नाही. त्याला मीठ दिसत होतं. कुण्या शाळेतल्या पोरांची नावं असलेली पानं, त्यावर पांढऱ्या खड्यांचा ढीग, खड्यांत विरघळत गेलेली शाई. ओल्या कागदाला मीठ लागलं की कागद कामातून गेला, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"प्रश्न?" अध्यक्षांनी विचारलं.

वाळवीनं हात वर केला.

अध्यक्षांचं लक्ष नव्हतं. ते कागद चाळत होते. वाळवीनं हात तसाच ठेवला. सबंध हॉलमध्ये तेवढा एकच हात वर. खांदा दुखायला लागला. शेजारचा माणूस त्याच्याकडे आणि मग हाताकडे बघू लागला.

"हां, तुम्ही. नकाशांबद्दल?"

"नाही. सकाळच्या एका निबंधाबद्दल."

"सकाळच्या वक्त्यांना चहाच्या वेळी भेटून विचारा."

"भेटलोय साहेब. तो मीच."

हॉलमध्ये हशा पिकला. एरवी हा हशा वाळवीनं छातीवर बिल्ल्यासारखा लावून मिरवला असता. आज तो अंगावर चिखलासारखा उडाला.

"मिठाचं जे सांगितलं ते खोटं आहे," तो म्हणाला. माइक नव्हता, म्हणून ओरडून म्हणावं लागलं, आणि ओरडून म्हटलं की खोटेपणा आणखीच मोठा वाटतो. "अशी कुठलीही पद्धत नाही. कुठल्याही देशात नाही. मी गंमत म्हणून लिहिलं होतं. मिठानं कागद कामातून जातो, शाई जाते. कुणी करू नका. भिजलेले गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवायचे. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर मिळाला तरी चालेल. गोठलं की बुरशी थांबते, मग सवडीनं थोडं थोडं वाळवता येतं. हे खरं आहे. आता जे सांगतोय ते."

मागून कुणीतरी म्हणालं, "चवीपुरतंही नको का?"

पुन्हा हशा. वाळवी हसला नाही. तो तिसऱ्या रांगेकडे बघत होता. खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज झाला आणि बाई फोन कानाला लावत दाराकडे धावल्या.

तो मागोमाग गेला. व्हरांड्यात बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. "मग ते पोतं बंद करा... नाही, आतला गठ्ठा ओढून काढू नका, फाटेल, तसाच राहू द्या. बाकीचे हलवा. चौकातल्या आइस्क्रीमवाल्याकडे जा, मी बोलते त्याच्याशी." त्यांनी फोन बंद केला.

"किती...?" वाळवीनं विचारलं.

"एक गठ्ठा पुरला होता. मुलींच्या शाळेचा. पहिल्या वर्षापासूनचा."

"मी येतो. आत्ता येतो तुमच्याबरोबर. रात्रभर बसू."

"नको सर."

शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो वाटच बघत होता. बाईंनी पिशवीतून सकाळचे कागद काढले, त्यावरचं आपलं बारीक अक्षर पाहिलं आणि ते परत आत ठेवले.

"तुम्ही वाचलंत फार छान," त्या म्हणाल्या. "पहिला भाग तरी खरा आहे ना? की तोही..."

"खरा आहे."

"तपासून बघेन," त्या म्हणाल्या, आणि गाडी पकडायला निघून गेल्या.

साहेब दाराशी उभे होते. चेहऱ्यावर परत तेच रजेच्या अर्जाचं तोंड.

"साहेब, तेवढा माझा निबंध इतिवृत्तातून काढून टाकायला सांगा. हात जोडतो."

"काढून?" साहेब म्हणाले. "नव्या पोरांना तूच शिकवतोस ना, दप्तरात खोडाखोड करायची नाही? चूक असेल तर चूक ठेवायची आणि खाली शेरा लिहायचा."

"हो."

"मग निबंध छापला जाईल. खाली तुझा शेरा छापला जाईल. शंभर वर्षांनी कुणी उघडेल तेव्हा दोन्ही वाचेल." आणि जाता जाता म्हणाले, "सोमवारी भेट."

शनिवारी वाळवी घरी आला तो सरळ आत जाऊन आडवा झाला. बायकोनं शर्ट धुवायला टाकताना विचारलं, "झाली का मनासारखी परिषद?" त्यानं भिंतीकडे कूस वळवली. तिनं दार ओढून घेतलं.

रविवारी सकाळी चष्मेवाला बनियनवर मफलर गुंडाळून गेटवर हजर. रात्रभर सराव करून त्याचा घसा बसला होता. बिल्डिंगची पोरं कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं बसलेली, मावशींना कुणीतरी खुर्ची आणून दिलेली.

"ये रे विजयी वीरा," चष्मेवाला वाळवीला म्हणाला. "बघ आता गडी कसा आरवतो ते."

"बाजूला हो," वाळवी म्हणाला. "हरलोय मी."

"आँ? तूच तर कळवलंस ना, एकही नाही म्हणून?"

"दुपारी झाला एक हात वर."

चष्मेवाल्यानं मफलर सोडला आणि बसलेल्या घशानंही जी आरोळी ठोकली, तिनं दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या. "बघा! म्हटलं नव्हतं मी? असतात जाणती माणसं!"

मावशी खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी वाळवीच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"कोण होता रे तो?"

"होता एक जण."

"हुशार असणार."

"नाही हो मावशी," वाळवी म्हणाला. "फार उशीर केला त्यानं."

दूधवाला आला. वाळवीनं मान वर केली, हात काखेत घालून पंख केले आणि आरवला. पोरं भिंतीवरून पडायची बाकी राहिली. पेपरवाल्यानं सायकल थांबवून पुन्हा एकदा आरवायला लावलं. चष्मेवाल्याची सासू देवळातून आली, तिलाही आरवून दाखवलं. शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली. वाळवीचा आवाज चिरकला, मग फाटला, तरी तो थांबेना.

"बास की आता," चष्मेवाला म्हणाला. त्याचं हसू ओसरलं होतं. "फिटली पैज. चल, चहा घेऊ."

मावशींनीही हात वर करून थांबण्याची खूण केली.

वाळवीनं घसा खाकरला, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि रस्त्याकडे वळला. गेटमधून कुणीच येत नव्हतं. तो आरवला.