पाय सोडणारी रिकीब

मित्रांनो, मी एक जुनी रिकीब आहे. घोडेस्वार खोगिरावर बसला की त्याचे पाय ज्या दोन कड्यांत टेकतात, त्यांतले डावे कडे म्हणजे मी. उजवीकडे माझी जुळी बहीण असते. आमचा जन्म मिरजगावात, हमरस्त्यालगतच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. तिथला कारागीर कल्याण दुधाच्या स्टीलच्या कॅनची गळती बुजवायचा. त्याआधी त्याने रिकीब कधी केली नव्हती.

आम्हाला करून घेतले दयाबाईंनी. त्या कर्जतच्या एका शाळेत खेळ शिकवतात. त्यांच्या घरी मैना नावाची तांबूस घोडी आहे. फेब्रुवारीत साठ किलोमीटरची घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत होती आणि बाईंनी त्यात नाव दिले होते. त्यांचे वडील प्रभुदास तरुणपणी तालुक्यातले नावाजलेले स्वार. त्यांनी आपल्या जुन्या पितळी रिकिबी काढून मोठ्या हौसेने लेकीच्या हाती दिल्या. दिसायला त्या सोन्यासारख्या. पण अरुंद, आणि पाय टेकायची पट्टी जेमतेम दोन बोटे रुंद.

दिवाळीच्या सुट्टीत सराव चालू असताना ज्वारीतून भर्रकन तितर उडाले आणि मैना बुजली. बाई पडल्या. पायात सपाट तळाचे कापडी बूट होते. डावा पाय पितळी रिकिबीत घोट्यापर्यंत घुसला आणि तिथेच अडकला. घोडीने त्यांना ढेकळांतून चाळीस पावले फरपटत नेले. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. घोट्याला मात्र सहा आठवडे प्लास्टर पडले.

"रिकिबीचा काय दोष?" प्रभुदास म्हणाले. "नुसता चवडा टेकवायचा असतो. मी तीस वर्षं त्याच वापरल्या."

"पप्पा, पडताना चवडा सांभाळायचं भान कुणाला राहतं? मैनेचा खूर माझ्या तोंडापासून वीतभर लांब होता. मी पुन्हा त्या रिकिबींत पाय घालणार नाही."

म्हातारबुवांना ते फार लागले. पितळी रिकिबी उचलून त्यांनी परत ठेवून दिल्या. बाईंनाही वाईट वाटले, पण त्या मागे हटल्या नाहीत. प्लास्टर निघाले त्याच आठवड्यात त्या टाचेचे नवे बूट घेऊन कल्याणच्या दुकानात हजर झाल्या.

"रिकीब म्हंजी एक कडं तर हाय, बाई," कल्याण म्हणाला. "धा मिंटात हुईल."

"दहा मिनिटांत नको. आधी बुटाचं माप घे."

बुटाच्या सर्वांत रुंद भागाचे माप घेतले आणि दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा सोडली. पहिली जोडी अरुंद झाली, बूट अडकू लागला. ती भंगारात गेली. दुसरी इतकी ऐसपैस झाली की अख्खा पाय आरपार जाऊ लागला. तीही गेली. तिसऱ्या खेपेला आम्ही झालो. पाय टेकायला पाच बोटे रुंद पट्टी, तिच्यावर गोठ्यात अंथरतात त्या खाचांच्या रबरी मॅटचा तुकडा, आणि पुढच्या बाजूला बाकदार जाळी, म्हणजे पाय कितीही घसरला तरी पुढे घुसायचा नाही. वरची पट्टा ओवायची खाच कल्याणने आडवी वळवली. त्यामुळे गुडघ्याला पीळ बसत नव्हता.

मग बाईंनी दुकानातल्या एका पिंपावर खोगीर बांधले, शेजारी पोत्यांचा ढीग रचला आणि मुद्दाम स्वतःला खाली झोकून दिले. एकदा नाही, सात वेळा. रस्त्यावरची माणसे थांबून बघू लागली. सातही वेळा पाय अलगद सुटला.

"लई गिऱ्हाइकं बघितली म्या," कल्याण म्हणाला, "पन पडून माल तपासनारं तुमीच पैलं."

सरावात आमची खरी ओळख पटली. पूर्वी पंधरा किलोमीटरनंतर बाईंच्या पायांची बोटे बधिर व्हायची. आता सगळ्या चवड्यावर भार सारखा पडायचा, आणि खोगिरावरून उतरल्यावर त्या सरळ चालत घरात जायच्या.

शर्यतीत अकरा घोडी होती. प्रभुदास बादली आणि फडकी घेऊन आले होते, पण आमच्याकडे त्यांनी नजरही वळवली नाही. तीस किलोमीटरला सक्तीची विश्रांती झाली. सत्तेचाळिसाव्या किलोमीटरला एका कलिंगडाच्या शेतातला प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडत वर उठला. मैनेने आडवी उडी घेतली आणि बाई डावीकडे फेकल्या गेल्या.

मित्रांनो, तेव्हा सगळा भार माझ्यावर होता. बूट पुढे सरकला, जाळीवर आदळला, मागे घसरला आणि सुटला. बाई मातीत लोळल्या. मैना वीसेक पावले पळून थांबली, आणि मी तिच्या पोटाशी रिकामीच झुलत राहिले. रिकामे असण्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

बाई उठल्या. कोपर सोलले होते. त्यांनी मैनेचे चारही पाय चाचपले, तिला थोडे चालवले, माझ्यात पाय ठेवला आणि वर बसल्या.

त्या पोहोचल्या तेव्हा तीन घोडी आधीच आली होती. पण अशा शर्यतीत नुसते पोहोचून भागत नाही. अर्ध्या तासात घोड्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या खाली यावे लागतात आणि ते लंगडता कामा नये. पुढच्या तीन घोड्यांतली दोन त्या तपासणीत बाद झाली. प्रभुदास मैनेच्या मानेवर गार पाणी ओतत राहिले. बाराव्या मिनिटाला जनावरांच्या डॉक्टरांनी ठोके मोजले. अठ्ठावन्न.

बाई दुसऱ्या आल्या. आणि सर्वांत ठणठणीत घोड्याचे मानाचे बक्षीस मैनेला मिळाले.

"या रिकिबी कुठल्या?" एका स्वाराने विचारले.

प्रभुदासांनी पहिल्यांदाच मला हातात धरले. "मिरजगावच्या. माझ्या लेकीनं पारखून घेतल्यात. माझ्या पितळी नुसत्या दिसायला चांगल्या होत्या." बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढे मैना गाभण राहिली आणि आम्हाला चषकाशेजारी खिळ्याला टांगले. लोक कौतुक करायचे आणि आमच्यावर धूळ साचायची. वर्ष गेले, दुसरे गेले. रबर कडक होऊन तडकले. मग एका सकाळी प्रभुदासांनीच आम्हाला खाली काढले. गुडघ्यांमुळे त्यांची स्वारी अकरा वर्षे बंद होती. त्यांनी नवे रबर बसवले आणि पट्ट्यांना तेल लावले. शिंगरू मोठे झाले होते, मैना मोकळी होती. दयाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि कपबशी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

"पप्पा, पट्टा दोन भोकं खाली घेऊ?"

"तीन घे," एकाहत्तर वर्षांचे प्रभुदास म्हणाले, आणि माझ्यावर पाय देऊन वर चढले. पाण्याच्या पाटापर्यंत जाऊन आले, तेव्हा त्यांचे गुडघे दुखत नव्हते.

मित्रांनो, आम्हाला निवडताना आमच्या चकाकीवर जाऊ नका. आपल्या बुटाच्या मापाने निवडा आणि पाय सुटतो का, ते आधी जमिनीवरच बघा. आम्हाला शोभेसाठी टांगू नका. वापरा, आणि वापरण्याआधी पट्ट्याची शिवण, जाळी, रबर हाताने चाचपा. प्रभुदास रोज सकाळी तेच करतात. मगच म्हणतात, "चल, मैना."