मिस्त्रींची टिकटिक

"डोळे वटारून ते घाबरणार आहे का?" बायकोने विचारले.

मिस्त्रींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. समोर कॉम्प्युटर, शेजारी रेडिओ, मध्ये नवी वायर. पडद्यावर पिवळ्या रेघा सरसर उतरत होत्या, म्हणजे जगभरचे हौशी रेडिओवाले बोलत होते. पण त्यांचे शब्द जिथे उमटायचे, तो चौकोन कोरा करकरीत.

चाळीस वर्षे पंप दुरुस्त करून मिस्त्रींचे कान कामातून गेले होते. बायकोचा आवाज तेवढा स्वच्छ पोचायचा, रेडिओवरच्या मोर्स संकेतांची बारीक टिकटिक मात्र नाही. दर रविवारी सकाळी नऊला त्या टिकटिकीतून त्यांच्या बोटवाल्याशी गप्पा चालत. बोटवाला म्हणजे जहाजावरचा निवृत्त रेडिओ ऑपरेटर, तीस वर्षांचा दोस्त, ज्याचे तोंड त्यांनी कधी पाहिले नव्हते. गेले तीन रविवार त्याचे अर्धे बोलणे निसटले होते. शेवटी त्याने मेसेज धाडला: "कान गेले तर डोळे आहेत ना? कॉम्प्युटरवरचं डिजिटल शीक. रविवारी वाट बघतो." आज शनिवार होता.

"मेसेजवरच बोला की मग."

"मेसेज काय कुणीही करतं! इथं माझी एरियलची तार, त्याची तार, मधे नुसती हवा."

त्या हवेतून काही उतरेना. वायर बदलून झाली, आवाज कमीजास्त करून झाला. मग माहितीपुस्तिकेतली एक ओळ नजरेस पडली: हे सॉफ्टवेअर पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने ऐकते, घड्याळ अगदी बरोबर हवे.

"अगं, याचं घड्याळ पुढं कुणी केलं?"

"मीच. घरातली सगळीच पाच मिनिटं पुढं आहेत. नाहीतर तुम्ही जन्मात कुठं वेळेवर पोचला असता का?"

"पाच मिनिटं चालली असती गं, ती पंधरा सेकंदांच्या पाळीत नेमकी बसतात! तुझ्या हातून वर सात सेकंद जास्त गेले, ते नडले!"

घड्याळ जुळवले आणि चौकोनात ओळींची झुंबड उडाली. मिस्त्री खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. दुपारपर्यंत अकरा देशांशी संपर्क झाला, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"ही तर नुसती हजेरी! मी अमका, तुझा सिग्नल इतका, संपलं. याच्यावर गप्पा कशा मारायच्या?"

"दुसरं नाही का काही?"

होते. जुने, संथ सॉफ्टवेअर, पण टाइप केलेले अक्षर न अक्षर पोचवणारे. मिस्त्रींनी संध्याकाळभर तेच घोटले आणि बोटवाल्याला त्याचे नाव कळवले.

रविवारी नऊला त्यांनी एका बोटाने हाक टाइप केली. काही नाही. पुन्हा केली. मग एकेक अक्षर उमटू लागले: "आलास! किती हळू टाइप करतोस रे!"

मिस्त्रींना भरून आले. मागे उभी राहून बायकोही वाचत होती. तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला या दोघांचे बोलणे कळत होते.

"वहिनींचा गुडघा कसा आहे?" पडद्यावर उमटले.

ती चमकली. "त्यांना काय माहीत माझा गुडघा?"

"तो दर रविवारी विचारतो."

"आणि तुम्ही काय सांगता?"

"जिना चढताना कठडा धरतेस ते. तू सांगत नाहीस, पण मला दिसतं."

ती स्टूल ओढून त्यांना खेटून बसली.

"लिहा, बरा आहे. नको, खरं लिहा. दुखतो. आणि त्यांना विचारा, घरात तुमच्याजवळ कोण असतं?"

मिस्त्री एका बोटाने लिहू लागले.