दुसरी टाकी

"मावशी, दुसऱ्या टाकीतल्या माशांना काहीच कसं झालं नाही?"

उत्कर्षा मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता विचारलं. मी फडकं पिळत होते, ते पिळतच राहिले. प्रयोगाच्या चाळिसाव्या दिवशी प्रत्येक टाकीतले चार-चार मासे कापले होते, त्यांची आतडी आज काचपट्टीवर आली होती.

कॉलेजच्या या प्रयोगशाळेत नऊ वर्षं झाली मला. झाडलोट, काचसामान धुणं, आणि आता या तीन टाक्या. पहिलीत साधं पाणी. दुसरीत शहराबाहेरच्या एका रंगकारखान्यामागच्या बोअरचं. तिसरीतही तेच पाणी, पण तिथल्या माशांच्या खाद्यात ग्रीन टीचा अर्क. त्याला चहा म्हणायचं म्हणजे कमालच. ना दूध, ना साखर, ना आलं. त्या पाण्यानं आतडी सडतात का आणि चहानं वाचतात का, हे मॅडमना बघायचं होतं. दुसरीला साधं खाद्य, तिसरीला चहाचं, एवढंच माझं काम.

आठव्या दिवशी दुपारी आत गेले, तर दुसरीतले सगळे मासे काचेशी ओळीनं उभे. हलत नव्हते. नुसती तोंडं उघडत होती, मिटत होती. मी खिडकीकडे गेले, ओळ खिडकीकडे वळली. मॅडम आल्या की पांगायचे. मी एकटी असले की पुन्हा यायचे, आणि खाद्य टाकलं तरी आधी माझ्याकडे बघायचे. असं तोंड मी आधी पाहिलेलं होतं.

आमच्या ह्यांनी त्याच कारखान्यात बावीस वर्षं सूत रंगवलं, त्याच बोअरचं पाणी प्यायलं. पोटाचं दुखणं लागलं ते सुटलंच नाही. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी पाणीसुद्धा बंद केलं. आवाज गेलेला, नुसतं तोंड उघडून माझ्याकडे बघायचे. मी शहाण्यासारखं ऐकलं, घोटभरही दिलं नाही. दोन दिवसांनी गेले. ते अजून मला खातंय.

मग काय करणार? तिसरीच्या डब्यातली चिमूट मी दुसरीत टाकली. नंतर रोजच टाकत गेले.

"मग आता काय लिवायचं, मॅडम?" मी विचारलं.

"दिसलं ते. त्या पाण्यानं काही होत नाही, असंच लिहावं लागेल. दुसरी टाकी धडधाकट आहे."

म्हणजे ते पाणी चांगलं ठरणार, आणि ह्यांचं मरण उगीच आलेलं. वेडेपणा माझा आणि सुटका त्या बोअरची. कंत्राटावरच्या बाईला घरी पाठवायला वेळ लागत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले.

"पाण्याला चांगलं म्हणू नका, मॅडम. मीच रोज दुसरीत च्याचं खाद्य टाकलंय. लई बघायचे वो माझ्याकडं. ऱ्हावलं न्हाय."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"चाळीस दिवस गेले, मावशी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "पुन्हा करावं लागेल. नवे मासे आणू. दुसऱ्या टाकीला या वेळी काही मिळता कामा नये. ती दुसरं कुणीतरी बघेल."

"न्हाय, मीच बघते. दुसऱ्याला कशाला तो ताप?"

नवे मासे आले. चहाच्या खाद्याचा डबा मी मॅडमच्या कपाटात ठेवायला लावला, किल्ली त्यांच्याकडेच. सहा दिवस टाकी आपली टाकीसारखी होती. सातव्या दिवशी दुपारी सगळे काचेशी आले. यांना तर कुणी काही शिकवलं नव्हतं.

साधं खाद्य टाकलं. ते तसंच तरंगत राहिलं. पाय निघेना, म्हणून स्टूल ओढून मी टाकीसमोर बसले. तोंडं उघडत होती, मिटत होती.

"न्हाय देता येत वो," मी म्हणाले. "डॉक्टरांनी न्हाय म्हणून सांगितलंय. जरा कळ काढा. मी हाय की हितंच."