ओहोटी सात वाजून दहा मिनिटांनी

मे महिन्याच्या सहलीच्या कार्यक्रमाचा कागद ओर्लाने पहिल्यांदा वाचला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात खरारा, गमबुटांना शेण. दुसऱ्यांदा वाचताना ती बूट न काढताच आत आली आणि खुर्चीवर बसली. तिच्या आईच्या हयातीत असं कुणी केलं असतं तर घरात रामायण झालं असतं.

कागदावर बुधवारच्या पुढे लिहिलं होतं : ‘सकाळी साडेअकराला घोड्यांवरून वाळू ओलांडून इनिशदारा बेटाकडे. बेटावरच्या पबात जेवण. चार वाजता परत.’

तिने खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली भरती-ओहोटीची पिवळी पुस्तिका काढली. मे महिना, तो बुधवार. ओहोटी सकाळी सात-दहाला, त्यानंतरची थेट संध्याकाळी साडेसातला. मधे दुपारी सव्वाच्या सुमाराला पूर्ण भरती.

“फिंटन!”

तिचा धाकटा भाऊ आतल्या खोलीतून आला. त्या खोलीला तो ‘ऑफिस’ म्हणायचा. “काय झालं? घोडा मेला का?”

“अजून नाही. बुधवारी नऊ मरतील. वर बसलेल्यांसकट.”

फिंटनने कागद पाहिला, मग पुस्तिका पाहिली. पुस्तिकेतले आकडे समजायला त्याला जरा वेळच लागला. “हा मागच्या वर्षीचाच कार्यक्रम आहे गं. लोकांना तो दिवस फार आवडला होता. मी फक्त तारखा बदलल्या.”

“तारखा बदलल्यास. समुद्राला कळवलंस का?”

“एक-दोन तास इकडे-तिकडे करू की.”

“कुणाला सांगून करू? चंद्राला? मागच्या वर्षी उधाणाचे दिवस होते, ओहोटी भर दुपारी होती. या वर्षी तुझा बुधवार भांगाच्या दिवसांत येतो. त्या दिवसांत पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. वाळू उघडी पडते ती जेमतेम साडेतीन तास. साडेअकराला तिथे घोड्याच्या पोटाला पाणी असेल.” ती थांबली. “पाठवला नाहीस ना हा कुणाला?”

फिंटनने चहाची किटली उचलून उगाच हलवून पाहिली.

“फिंटन.”

“जानेवारीतच पाठवलाय. ही मंडळी त्या बेटासाठीच येताहेत, ओर्ला. जर्मनीतल्या म्युन्स्टरचा घोडेस्वारांचा क्लब आहे. हानेलोरे म्हणून त्यांच्या म्होरक्या आहेत. त्यांनी तीन ठिकाणं पाहिली आणि आपलं निवडलं, कशामुळे? वाळूवरच्या त्या दिवसामुळे.”

“दाखव काय लिहिलंस ते.”

त्याला दाखवायचं नव्हतं हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. कॉम्प्युटरवर त्याने ते पत्र उघडलं आणि भराभर खाली सरकवलं. पण ओर्लाची नजर घोड्याच्या चालीतलं बोटभर लंगडणं पकडणारी. मधलं एक वाक्य तिने पकडलंच. ‘माझी बहीण जरा जास्तच सावध असते, पण काळजी नसावी. बुधवारी सर्वांत पुढे मीच असेन.’

ती उठून पागेत गेली आणि ज्या घोडीला तासाभरापूर्वी स्वच्छ खरारा केला होता तिलाच पुन्हा करायला लागली. ब्रॅनाक ही करडी घोडी. आपला खरारा उगाच कुणी दुसऱ्यांदा करत नाही हे तिला ठाऊक होतं. तिने मान वळवून ओर्लाकडे पाहिलं.

एकोणीस वर्षं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हापासून ही पागा तिने एकटीने ओढली होती. प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात जाऊन, चहा पिऊन, त्यांच्या गुडघेदुखीच्या कहाण्या ऐकून कुंपणांतून वाट मागितली होती ती तिने. कोणत्या घोड्याच्या पाठीला कोणतं खोगीर काचतं ते तिला माहीत. फिंटन सतराव्या वर्षी डब्लिनला गेला आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी गेल्यावर परत आला, तेव्हा तिने एक शब्दही न विचारता त्याला वरची खोली दिली. आणि हा परक्या लोकांना लिहितो की बहीण जरा जास्तच सावध असते!

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्याने तोडगा आणला. “पाहुण्यांना साडेसातला न्याहारी देऊ. पावणेनऊला निघू. साडेनऊला बेटावर. संध्याकाळच्या ओहोटीला परत.”

“पावणेनऊला वाळू बंद व्हायला लागते.”

“तू म्हणतेस म्हणून. तू ओहोटीनंतर पावणेदोन तास धरतेस. उधाणाला फार तर दोन. माझ्या मते तीन तासांपर्यंत आरामात जाता येतं. वाळू कोरडी असते, मी पाहिलंय.”

“कुठून पाहिलंयस? लहानपणी बाबांच्या पाठीला चिकटून, डोळे मिटून?”

“तुला ना, कुणी दुसऱ्याने काही शोधून काढलेलं सहनच होत नाही.”

“शोधून काढलंस? समुद्र?” ओर्लाने सोडा ब्रेडचा तुकडा ताटलीत आपटला. “त्या वाळूवर पाणी पुढून येत नाही, फिंटन. मागून येतं. किनाऱ्यालगतची ओढ, तो खोलगट चर, आधी भरते. तू मधे कोरड्या वाळूवर उभा राहून ‘बघा, किती कोरडं’ म्हणत असतोस आणि परतीची वाट गेलेली असते. हे मी तुला दहा वेळा सांगितलंय.”

“सांगितलंयस. दाखवलं एकदाही नाहीस.”

तिने ताटली उचलली आणि विषय तिथे संपला असं धरलं.

तो संपला नव्हता. मार्चमधल्या एका गुरुवारी ती जीप घेऊन खाद्य आणायला गावात गेली. त्या दिवशी उधाण होतं आणि ओहोटी दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना. ती तीनच्या सुमारास परतली तेव्हा किनाऱ्याच्या वळणावर शेजारच्या मिसेस मोरन कोट न घालताच रस्त्यावर उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातली बाई आणि वारा असा की डोक्यावरचा रुमाल राहीना.

“ओर्ला! तुझा भाऊ गेलाय गं वाळूवर. करड्या घोडीला घेऊन. मी हाका मारल्या तर हात हलवून गेला, जसं काही मी त्याला निरोप द्यायला आले होते.”

“केव्हा?”

“जाताना बाराला गेला. आता परत निघालाय. बघ, तो तिथे.”

वाळूच्या मधोमध एक ठिपका दिसत होता. दुडकीने येत होता, आरामात, पाठ ताठ ठेवून. आणि त्याच्या व किनाऱ्याच्या मधे, जिथे बाराला घोट्याएवढं पाणी होतं, तिथे आता राखाडी पट्टा पसरला होता. रुंद. वाहता.

ओर्लाला त्या क्षणी भीती वाटली नाही. संताप आला, इतका की कानांत वारा शिरल्यासारखा आवाज व्हायला लागला. तिने मिसेस मोरनना बचाव बोटीला फोन करायला सांगितलं आणि जीप पागेत घातली. मर्फी हा जाड पायांचा, म्हातारा, काळा-पांढरा घोडा दारातच उभा होता. खोगीर घालायला वेळ नव्हता. लगाम चढवला, कुंपणावर पाय देऊन उघड्या पाठीवर बसली आणि टाच मारली.

मर्फीला का घेतलं, हे तिला कुणी विचारलं असतं तरी त्या वेळी सांगता आलं नसतं. हातांनाच ते ठाऊक होतं. ब्रॅनाक अनोळखी पाण्यात एकटी पाय घालत नाही. पण शिंगरू असल्यापासून ती मर्फीच्या मागे चालत आलेली; मर्फी जिथे जाईल तिथे ती जाते.

ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा फिंटन पलीकडच्या काठाला होता. ब्रॅनाक पाण्याशी येऊन मागे वळत होती, पुन्हा येत होती, पुन्हा वळत होती. तो तिला टाचा मारत होता. ओर्ला ओरडली, “मारू नकोस तिला!” पण वाऱ्यात ते कुठलं ऐकू जायला.

ओढीत एका जागी तळ दगडी आहे, जुन्या मासेमारीच्या खुंटांच्या रांगेला लागून. खुंटांची टोकं अजून दिसत होती. तिने मर्फीला तिथे घातलं. पाणी त्याच्या छातीला लागलं, मग तिच्या मांड्यांना. मार्चचं पाणी, श्वासच अडकला. मर्फीने मान खाली घातली आणि गाडा ओढल्यासारखा तो चालत राहिला. मधे चार-पाच पावलं त्याचे पाय सुटले, पुन्हा टेकले.

पलीकडे पोचताच ती बोलली ते एवढंच, “माझ्या मागे. लगाम सैल. मानेचे केस धर. तोंड उघडू नकोस.”

फिंटनचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. त्याने ब्रॅनाकच्या मानेचे केस मुठीत धरले.

परतीला ओढ आणखी भरली होती. ब्रॅनाक मर्फीच्या शेपटीला नाक लावून आली, पोहली, काठाजवळ घसरली आणि एका बुडालेल्या खुंटावर तिचा मागचा पाय आपटला. तरी ती बाहेर आली. तीन पायांवर.

“उतर,” ओर्ला म्हणाली. “लगाम दे.”

“ओर्ला, मला वाटलं...”

“लगाम दे.”

मिसेस मोरन त्याच्या अंगावर घोंगडी टाकायला पुढे आल्या. तो किती गारठलाय ते ओर्लाने पाहिलंही नाही. ती ओल्या कपड्यांनी ब्रॅनाकला एकेक पाऊल चालवत घरी घेऊन आली, मर्फी आपणहून मागे. अडीचशे पावलांची वाट, पाऊण तास लागला. घरी फोन वाजत होता. बचाव बोटवाले. सगळे बाहेर आले आहेत, तिने सांगितलं, आणि तुम्हाला त्रास झाला म्हणून माफी मागितली. ही माफीही तिलाच मागावी लागली, त्याचा राग वेगळा.

डॉक्टरांनी घोडीच्या पायावर हात फिरवला. पायाचा स्नायुबंध दुखावला आहे, ते म्हणाले. चार महिने पाठीवर कुणी बसायचं नाही, या हंगामाचं विसरा.

फिंटन पागेच्या दारात उभा होता. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, “मी तिची सगळी सेवा करीन. रोज समुद्राच्या थंड पाण्यात उभी करीन.”

“समुद्राचं नाव काढू नकोस माझ्यासमोर.”

“बरं. तू बोल. काय बोलायचं ते बोल.”

“काय बोलू? मेला असतास तू! आणि तुझं मी काय केलं असतं ते नंतर, पण हिने तुझं काय घोडं मारलं होतं? हिच्या पोटात टाचा मारल्यास. तिला कळत होतं, गाढवा, तुला कळत नव्हतं! आणि उद्या हे नऊ माणसं घेऊन केलं असतंस. पत्रात लिहून, वर हसून.”

“हो,” फिंटन म्हणाला. मग त्याचाही आवाज चढला. “हो, चुकलं! पण दोन वर्षं झाली मला येऊन, ओर्ला. दोन वर्षांत एकदा तरी मला वाळूवर पुढे घातलंस? मागेसुद्धा नाही. ‘तू फोन घे, तू पत्रं लिही.’ पाहुण्यांसमोर म्हणतेस, ‘हा माझा भाऊ, हा टायपिंग करतो.’ मला कुठे माहीत असणार तळ कुठे दगडी आहे ते? तू कुणालाच सांगत नाहीस. उद्या तुला काही झालं तर ती जागा जगात कुणालाच माहीत नसेल.”

ओर्लाने घोडीच्या पायावरच्या पट्टीचं दुसरं टोक दातात धरून गाठ मारली. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि त्याचाच तिला सर्वांत जास्त राग आला. जे माणसाने शांतपणे ऐकून घ्यावं असं काही त्याने नेमकं आजच बोलावं, आज, जेव्हा त्याला बोलायचा काडीचा हक्क नव्हता!

“फोन लाव,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“म्युन्स्टरला. माझ्यासमोर. काय झालं ते सांग, सगळं. शब्द गिळू नकोस.”

त्याने लावला. स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन ठेवून, आवाज मोठा करून, त्याने सांगितलं : कार्यक्रम चुकीचा होता, ओहोटीची वेळ पाहिली नव्हती, बहिणीने सांगितलं ते ऐकलं नाही, एकटा गेलो, घोडी दुखावली.

“तुमची बहीण आहे का तिथे?” पलीकडून हानेलोरेबाईंनी विचारलं.

“आहे,” ओर्ला म्हणाली.

“तुमच्या भावाने लिहिलं होतं तुम्ही जास्तच सावध असता. ते वाचूनच मी तुमचं ठिकाण पक्कं केलं. आमच्यात दोघांना पोहता येत नाही आणि एकाला वाटतं आपल्याला सगळं येतं. बुधवारी पुढे कोण असणार?”

“मी.”

“मग आम्ही येतो. किती वाजता उठायचं तेवढं सांगा.”

“पाचला. सव्वासहाला वाळूवर. न्याहारी बेटावर. आठच्या आत परत निघायचं. कुणी चहाचा दुसरा कप मागितला तर मिळणार नाही.”

बाई मोठ्याने हसल्या. ओर्ला हसली नाही. फोन ठेवल्यावर तिने बुधवारचा कागद स्वतःच्या अक्षरात नव्याने लिहिला. ब्रॅनाकच्या जागी कोणता घोडा, कुणाचं वजन किती, कुणाखाली कोण, हे ठरवायला तिला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत ती भावाशी एक शब्द बोलली नाही. पुढचे नऊ दिवसही नाही. तो रोज सकाळी ब्रॅनाकला पाण्यात नेऊन वीस मिनिटं उभी करत होता. तिला ते खिडकीतून दिसत होतं, आणि तिने खिडकीतून पाहणं थांबवलं नाही, पण बोललीही नाही.

दहाव्या दिवशी, रविवारी, वाळू उघडी पडताच ती त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. “बूट काढ. पँट वर घे. चल.”

“घोडे?”

“घोड्यांना काही शिकायचं नाहीये.”

ती पुढे, तो दहा पावलं मागे, असे ते अनवाणी वाळूवर उतरले. वाळू बर्फासारखी गार होती. ओढीशी ती थांबली, रांगेतल्या पहिल्या खुंटाला हात लावला. “इथून तिसऱ्या खुंटापर्यंत दगड. पुढे चिखल. पायांनी बघ.”

त्याने पाय घातला, तळ चाचपला, मान हलवली.

“इथे पाणी कधी येतं?”

“ओहोटीनंतर... दोन तासांनी?”

“उधाणाला. भांगाला?”

तो बोटं मोजू लागला. ओर्लाचा आवाज वाऱ्यावरही चढला. “पावणेदोन! नऊ माणसं तुझ्या मागे उभी आहेत, त्यांतल्या दोघांना पोहता येत नाही. त्यांना काय सांगणारेस, थांबा, आठवतो?”

“पावणेदोन.”

“आणि वारा पश्चिमेचा असेल तर?”

“त्याहून कमी.”

“किती कमी?”

“माहीत नाही,” फिंटन म्हणाला. “तू सांग.”

तिने सांगितलं. मग पहिल्या खुंटापाशी परत जाऊन म्हणाली, “आता पुन्हा. सुरुवातीपासून. या वेळी तू पुढे हो.”